बर्मातली पुरलेली स्पिटफायर: चूक शोधण्यात होती की खणण्याच्या घाईत?

कागदवाचक

परवा गप्पांत विषय निघाला तेव्हा कळलं, बर्मात पुरलेली स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लढाऊ विमानं, सापडली असंच अजून बऱ्याच जणांना वाटतं. 'सापडणार' ही बातमी सगळ्यांनी वाचली, नंतरची कुणी वाचलीच नाही. एकही विमान सापडलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडातल्या लिंकनशायरचे शेतकरी डेव्हिड कंडॉल १९९६ पासून या विमानांच्या मागे होते. ऑगस्ट १९४५ मध्ये रंगूनजवळच्या मिंगलाडोन विमानतळावर कोरी, न जोडलेली स्पिटफायर लाकडी खोक्यांसकट पुरली, असं त्यांनी जुन्या सैनिकांकडून ऐकलं होतं. आकडा आधी ३६ होता, इतर जागा धरून तो शंभराच्या वर गेला. एप्रिल २०१२ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरन बर्माला गेले तेव्हा थेट तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांच्याशी यावर बोलणं झालं. ऑक्टोबरात करार झाला. संगणकावरचे युद्धखेळ बनवणाऱ्या वॉरगेमिंग कंपनीने पैसा घातला आणि जानेवारी २०१३ मध्ये पथक पोचलं. उत्तरेत म्यिचिनाला एक खोका लागला, आत कॅमेरा उतरवून पाहिलं तर नुसतं गढूळ पाणी. थोड्याच दिवसांत कंपनीनेच सांगून टाकलं की विमानं नाहीत.

माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. उत्तर ब्रिटनच्या अभिलेखागारात पडून होतं. रंगून बंदरातून हवाई दलाचा माल हाताळणाऱ्या ४१ एम्बार्केशन युनिटच्या नोंदींत १९४५-४६ मध्ये तीन जहाजांतून मिळून ३७ विमानं उतरल्याचं आहे. त्या खोक्यांत स्पिटफायर नव्हती आणि बहुतेक विमानं १९४६ संपायच्या आत परत बाहेर गेलेली दिसतात. आधी कागद वाचायचे, मग कुदळ उचलायची. इथे नेमकं उलटं झालं.

रत्नांग्रीकर

असहमत, आणि जोरात असहमत.

कागदवाचक, तुम्ही कागदाला देव मानता. हरलेल्या, जिंकलेल्या कुठल्या सैन्याने आपली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवली आहे? ऐंशी-नव्वदीतली माणसं 'आम्ही खोकी पाहिली' म्हणून शपथेवर सांगत होती. त्यांचं बोलणं तपासायला कुणीतरी जायलाच हवं होतं, आणि ते जिवंत असताना जायला हवं होतं. कंडॉल यांनी स्वतःचा पैसा आणि सतरा वर्षं घातली.

ग्रीनलंडचं उदाहरण घ्या. १५ जुलै १९४२ ला अमेरिकेची सहा पी-३८ लढाऊ विमानं आणि दोन बी-१७ बॉम्बर बर्फावर उतरली आणि तिथेच राहिली. पन्नास वर्षांनी त्यातलं एक पी-३८ सुमारे ८२ मीटर बर्फाखालून, भाग सुटे करून वर काढलं. २००२ मध्ये ते उडालंसुद्धा. शोधणाऱ्यांना आधी कितीदा हात हलवत परत यावं लागलं होतं! तेव्हाच थांबले असते तर?

माझं या विषयाशी नातं जुनं आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याची समाधी आमच्या गावात, रत्नागिरीत. करार झाला त्याच वर्षी डिसेंबरात थेन सेन त्या समाधीवर आले होते. तेव्हापासून बर्माची प्रत्येक बातमी मी कापून ठेवतो.

कागदवाचक

रत्नांग्रीकर, ग्रीनलंडचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ती विमानं उतरल्याची नोंद होती, वैमानिक सुखरूप परत आले होते, जागा ठाऊक होती. प्रश्न फक्त 'किती खोल' एवढाच होता. मिंगलाडोनला 'आहेत का' हाच प्रश्न होता.

आणि म्हाताऱ्या माणसांना मी खोटं म्हणत नाही. खोकी त्यांनी पाहिलीच असतील, लष्करी तळावर खोक्यांना काय तोटा? खोक्यात काय होतं, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगितलं होतं.

जुना_फिटर

विमानदुरुस्तीत २९ वर्षं काढली, म्हणून धातूबद्दल बोलतो.

मेणकागदात गुंडाळून, ग्रीस थापून, सांध्यांना डांबर लावून पुरलं की विमान नवंकोरं राहील, हे मला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. विमानाचा पत्रा ड्युरॅल्युमिनचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. त्याला ओल मुरली की ते लोखंडासारखं तांबडं होत नाही. वरून पत्रा ठीक दिसतो, फक्त रिव्हेटच्या भोवती बारीक फुगवटा येतो. तिथे नख घातलं की पापुद्रा उचकटतो, भिजून वाळलेल्या वहीचं पान सुटावं तसा. मधून पांढरी भुकटी गळते. असा एक पंखाचा भाग माझ्या हातात दुमडला होता, आणि तो शेडमध्ये ठेवलेला होता, जमिनीत नव्हे. रंगूनला पाऊस जवळपास कोकणाइतका. त्या चिखलात ६७ वर्षं? विमान नव्हे, आकार मिळाला असता.

दुसरं. नको असलेल्या विमानांचं तेव्हा काय व्हायचं, ते आपल्याकडेच पाहा. कानपूरच्या चकेरीवर लिबरेटर बॉम्बर उरली होती. रॉयल एअर फोर्सने त्यांची मोडतोड केली आणि उघड्यावर टाकून निघून गेली. पुरायचे कष्ट कोण घेतो? हिंदुस्तान एअरक्राफ्टने त्यातली चाळीसेक पुन्हा उभी केली. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती उडवत बंगळुरूला नेली, आणि पुढे पुण्यातून लिबरेटर १९६८ पर्यंत उडत होती.

रत्नांग्रीकर

फिटरसाहेब, पापुद्र्याचं पटलं. पण 'कष्ट कोण घेतो' हे नाही पटलं. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ चांगली कोर्सेअर विमानं जहाजावरून समुद्रात लोटली होतीच ना? समुद्रात लोटणारे जमिनीत का नाही पुरणार?

जुना_फिटर

कारण कोर्सेअर अमेरिकेची होती. लेंड-लीज कराराचा, म्हणजे अमेरिकेने मित्रराष्ट्रांना युद्धापुरता वापरायला दिलेला माल युद्ध संपल्यावर परत करा, पैसे भरा नाहीतर नष्ट करा, असं होतं. चकेरीची लिबरेटरही त्याच खात्यातली. स्पिटफायर ब्रिटनची स्वतःची. ती लपवण्याचं किंवा बुडवण्याचं त्यांना काही कारणच नव्हतं. १९४५ नंतर तीच विमानं त्यांनी देशोदेशी दिली, आपल्या हवाई दलानेही वापरली.

मीनल_पूर्वेकडची

तीन वर्षं यांगूनला, म्हणजे जुन्या रंगूनला होते, म्हणून लिहिते.

कुणीच वाटणीबद्दल बोललं नाही. विमानं निघाली असती तर अर्धा वाटा म्यानमार सरकारला, उरलेला कंडॉल आणि स्थानिक भागीदारात. म्हणजे तिथल्या सरकारने स्वप्नावर सही केली यात नवल नाही, देश नुकता उघडत होता. मला त्यांचा राग येत नाही.

मला अस्वस्थ करतं ते वेगळं. मिंगलाडोनवरून रस्त्याने उत्तरेला गेलं की टाउक्यानची युद्ध दफनभूमी लागते. सहा हजारांवर कबरी, आणि मधल्या स्मारकाच्या खांबांवर जवळजवळ २७,००० जणांची नावं, ज्यांची कबरच कुठे नाही. त्यात आपल्याकडचे शिपाई किती! मी अर्धा दिवस त्या खांबांवर बोट फिरवत मराठी आडनावं वाचत होते. दगड तापलेला होता, बोट टेकवत नव्हतं. त्या वेळी तिथे मी आणि गवत कापणारा माळी, एवढेच. ३६ खोक्यांसाठी दोन देशांचे प्रमुख बोलतात, कॅमेरे येतात. जी माणसं खरोखर त्या मातीत आहेत, त्यांच्यासाठी कोण जातं?

कागदवाचक

मीनलताई, माझ्या धाग्यात हे यायला हवं होतं. राहिलं.

रत्नांग्रीकर

विमानं शोधायला जायला हवंच होतं, या मतावर मी अजून ठाम आहे. पण मीनलताई, खांबांचे फोटो असतील तर इथे नक्की टाका. आमच्या वाडीतले दोघे सख्खे भाऊ १९४४ मध्ये बर्माला गेले ते आलेच नाहीत. त्यांच्या पुतणीला आता ८६ वर्षं झाली आहेत. तिला नावं वाचून दाखवायची आहेत.