मदत हवी आहे : आईला कोणते अभंग वाचून दाखवू?

बाबांना जाऊन दीड महिना झाला. आई पहाटे विठोबापुढे निरांजन लावते, हरिपाठाला बसते आणि पहिल्याच अभंगाला तिचा आवाज बसतो. बाबांची तुळशीमाळ मुठीत असते, एक मणी बोटांनी नुसता चोळत राहते. काल म्हणाली, "तो इथंच आहे गं, मलाच दिसेना झालाय." तिची श्रद्धा ढळलेली नाही, तिला सोबत हवीय.

१२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, त्यावरचे नामदेवांचे अभंग मला आठवले. त्यात त्या दुःखाच्या घडीला पांडुरंग स्वतः तिथं हजर आहे. पण हे आत्ताच वाचले तर जखम आणखी उघडेल का? तुमच्या घरी अशा वेळी काय वाचलंत? सोप्या अर्थासह, मोठ्या अक्षरांतलं पुस्तक सुचवाल का?