जुन्या मिआटाला १.८ चं इंजिन बसवावं की मूळच्या १.६ चंच काम काढावं?

ऊनवारा (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

माझ्याकडे १९९० ची माझदा मिआटा आहे. लाल, दोन सीटची, १.६ लिटरची. चौदा वर्षं मीच चालवतेय. ऑइल, ब्रेक, टायमिंग बेल्ट, सगळं घरच्या गॅरेजमध्ये करते.

गेल्या महिन्यात सांताक्रूझहून परत येताना हायवे १७ च्या चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. आरपीएमचा काटा सरसर वर गेला आणि गाडी आपल्या त्याच वेगात. क्लच घसरतोय हे तिथंच कळलं. घरी येऊन खाली शिरले तर बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, तळाशी ऑइलचा थेंब लोंबत होता. म्हणजे क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सीलही गेलंय.

गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर इंजिनाची तब्येत बघून घेऊ म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर १६५ ते १७२ पीएसआय. तिसरा फक्त ९५. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं, तर १४० आलं. ऑइलनं पिस्टनभोवतीची फट तेवढ्यापुरती बुजवली, म्हणून आकडा चढला. व्हॉल्व्ह गळत असता तर तो जागचा हलला नसता. तेव्हा दोष पिस्टनवरच्या रिंगांचा नाहीतर बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा.

माझं मत सांगते. या गाडीला १९९४ च्या मॉडेलपासून आलेलं १.८ चं इंजिन बसवावं. घराणं तेच, त्याच माउंटिंगवर बसतं. ११६ च्या जागी १२८ हॉर्सपॉवर, आणि चढावर लागणारा टॉर्कही जास्त. फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ती जड चकती) १.८ चं घेतलं की २०० मिलिमीटरऐवजी २१५ ची क्लच प्लेट बसते. पण याहून मोठं इंजिन नको. तोशिहिको हिराई यांच्या चमूनं ही गाडी ‘जिन्बा इत्ताई’ या कल्पनेवर बांधली, घोडा आणि स्वार एकजीव. वजन टनाच्या आत. त्या तोलाला धक्का लागला तर मग ही गाडी ठेवायची कशाला?

मूळचंच_बरं (कोल्हापूर)

ताई, मला हे पटत नाही. तीन सिलिंडर धडधाकट आहेत आणि एकाच्या रिंगा गेल्यात, तर अख्खं इंजिन काढून टाकायचं? माझे मामा उद्यमनगरात बोअरिंगचं काम करतात. त्यांच्याकडे ब्लॉक आला की आधी बोअरला बोट लावून बघतात. वरच्या कडेला नख अडकलं तर बोअर रुंद करून ओव्हरसाइझ, म्हणजे जरा मोठे, पिस्टन. नाही अडकलं तर होनिंग (भिंत हलकीशी घासणं) आणि नव्या रिंगा. तुमच्या गाडीचा ब्लॉक बिडाचा आहे, तो पुन्हा बोअर करता येतो. कारखान्यानं ते इंजिन बनवतानाच ही सोय ठेवलीय.

दुसरं म्हणजे, १९९० ची गाडी आता साधी जुनी गाडी राहिलेली नाही. माझदानं स्वतः २०१७ मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याची योजना जाहीर केली. छप्पर, टायर, लाकडी स्टिअरिंग व्हील असे भाग नव्यानं बनवले. कंपनीच मूळ रूप जपायला बघते आणि आपण मूळ इंजिन उपटून टाकायचं? १.६ ची आरपीएम वर चढत जायची जी लकब आहे ती १.८ ला नाही, असं ही गाडी वर्षानुवर्षं चालवणारे सांगतात. क्लच, सील, रिंगा करा आणि तेच इंजिन परत बसवा.

दोन_पॉइंट_चार

दोघंही बारा हॉर्सपॉवरवरून भांडताय. होंडाचं के२४ बसवा. २.४ लिटर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. तुमच्या १.६ चा ब्लॉक बिडाचा, त्यामुळे वजनात फारसा फरक पडत नाही. तोल बिघडतो हा आक्षेप अमेरिकन व्ही८ ला कदाचित लागू पडेल, याला नाही. मी अशा गाडीत बसलोय. तिसऱ्यात घाट चढते आणि इंजिनाला दम लागत नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या इंजिनावर पैसे घालण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं.

पाना_बारा (फ्रीमॉंट)

के२४ वाल्या भाऊंना: ताई कॅलिफोर्नियात आहेत. इथं १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी, म्हणजे धुराची तपासणी, आहे. इंजिन बदलायचं तर ते गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं हवं आणि त्याचं उत्सर्जनाचं सगळं सामान सोबत हवं, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर, कॉम्प्युटर. मग रेफरीकडे, म्हणजे स्मॉगच्या खास तपासनिसाकडे, गाडी दाखवून शिक्का घ्यायचा. के२४ चं हे सगळं मिआटात बसवून पास करायचं म्हणजे वर्ष गेलं समजा.

ताई, १.८ घेणार असाल तर १९९४-९५ चंच घ्या. १९९६ पासून ओबीडी-२ ही गाडीतले दोष स्वतः टिपणारी यंत्रणा आली, तिचं वायरिंगही मग चालू अवस्थेत द्यावं लागेल. आणि इंजिनात जाणारी हवा मोजायला १.६ ला पाखाचा एअरफ्लो मीटर आहे, १.८ ला गरम तारेचा. नुसतं इंजिन आणू नका. मागून ठोकलेली अख्खी गाडी मिळत असेल तर ती आणा, वायरिंग आणि कॉम्प्युटरसकट.

पण त्याआधी एक काम करा. क्रँकच्या पुढच्या पुलीच्या मधल्या भागात खाचा किती आहेत ते मोजा. चार की आठ?

फक्त_क्लच

सहाशे डॉलरच्या सामानात क्लच होतो. तिसरा सिलिंडर ९५ वर आहे, पण गाडी चालतेय ना? मग चालवा. इंजिन पार बंद पडेल तेव्हा बघू.

ऊनवारा

@फक्त_क्लच, चालतेय हे खरं, पण कॉम्प्रेशन कमी पडलं की तिथं मिसफायर होतं आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. पुढच्या स्मॉगला मी नापास. शिवाय गिअरबॉक्सचं काम दोनदा करायचं माझ्या जिवावर येतं. या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल जोडणारी ॲल्युमिनियमची लांब फ्रेम आधी सोडवावी लागते, आणि बेलहाउसिंगच्या वरच्या बोल्टांपर्यंत पोचायला हातभर एक्स्टेंशन लागतं. मागच्या वेळी एकाच बोल्टनं माझा अख्खा रविवार खाल्ला होता.

@पाना_बारा, मोजल्या. चार आहेत.

पाना_बारा

म्हणजे सुरुवातीचा आखूड नाकाचा क्रँक, नाक म्हणजे पुली बसते ते पुढचं टोक. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत तो होता. टायमिंग बेल्टच्या वेळी पुलीचा बोल्ट नीट घट्ट झाला नाही, तर पुलीचं ठिकाण क्रँकवर पक्कं ठेवणारी चावी आणि तिची खाच झिजते आणि पुली डुलायला लागते. टायमिंग मागे पडतं, ताकद जाते. बोल्ट काढून बघाच.

मूळचंच_बरं

झिजलेली असली तरी लॉकटाइट, म्हणजे धातू चिकटवायचा गोंद, लावून चावी पक्की करतात. लोकांनी तसं करून वर्षानुवर्षं गाड्या चालवल्यात.

ऊनवारा

काल रात्री बोल्ट काढला. चावीची एक बाजू चावल्यासारखी झालीय आणि क्रँकच्या खाचेची कड बोटाला लागते इतकी रुंदावलीय. दोन वर्षांपूर्वी बेल्ट मीच बदलला होता. टॉर्क रेंच हाताशी होता, तरी शेवटचा पीळ अंदाजानं दिला. ही चूक माझीच.

@मूळचंच_बरं, तुमचं म्हणणं मी मनापासून वाचलं. फक्त रिंगा असत्या तर तुमच्या मामांसारखा माणूस इथं शोधला असता. आता रिंगा, बोअर आणि क्रँक तिन्ही आलं. ज्या क्रँकवर सगळं फिरतं, तो लॉकटाइटच्या भरवशावर ठेवून हायवे १७ ला उतारावर दुसऱ्यात रेटायची माझी तयारी नाही. १९९४ ची मागून ठोकलेली एक गाडी सॅक्रामेंटोजवळ मिळतेय. मालकानं कॉम्प्रेशन घेऊ द्यायचं कबूल केलंय. शनिवारी गेज घेऊन जातेय.

मूळचंच_बरं

क्रँकबद्दल मान्य. पण ब्लॉक विकू नका, ताई. प्लगच्या भोकांतून ऑइल सोडा, सगळी तोंडं बंद करा आणि स्टँडवर ठेवा. लांब नाकाचा क्रँक कधीतरी मिळेल, बोअर होईल. त्या दिवशी १.८ उतरवायचं की नाही, ते तेव्हा भांडू.

ऊनवारा

स्टँड आजच मागवला.