नेत्यांच्या कार्यक्रमाचे फोटो काढणारे म्हणजे फुकटचे प्रचारक?

भायखळा_लोकल
मुंबईच्या फोटोंच्या आपल्या ग्रुपवर परळकर यांनी काल लिहिले: "नारळ फोडणे, वह्यावाटप, दहीहंडीचे स्टेज असले फोटो टाकणारे हौशी लोक म्हणजे नेत्यांचे बिनपगारी प्रचारक. शहराचे फोटो टाका, साहेबांचे नको." त्याला भरपूर अंगठे मिळाले. दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखे नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

साहेब शहराच्या बाहेर राहतात का? मैदानाचा तुकडा कोणाच्या मंडळाला मिळाला, फेरीवाल्यांवरची गाडी कोणत्या गल्लीत येते आणि कोणत्या गल्लीत कधीच येत नाही, हे ज्यांच्या हातात आहे त्यांना वगळून शहर टिपायचे म्हटले तर पावसातली मरीन ड्राइव्ह आणि दादरचा फूलबाजार एवढेच उरते. तेही काढावेत, मीही काढतो.

खरा मुद्दा पुढे आहे. आज प्रत्येक आजी, माजी आणि भावी नगरसेवकाकडे स्वतःचा फोटोवाला आहे, रील बनवणारा पोरगा वेगळा. कार्यक्रम संपायच्या आत निवडलेले फोटो पत्रकारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतात. वॉर्डातल्या कार्यक्रमाला वर्तमानपत्रे आता फोटोग्राफर पाठवत नाहीत, मग तेच फोटो छापून येतात. ज्याचा फोटो, त्यानेच निवडलेला. बाहेरचा कोणी तिथे नसेल तर त्या संध्याकाळची दुसरी नोंदच राहत नाही.

आमच्या इथे एका नाल्याच्या कामाचे भूमिपूजन झाले. त्यांनी पाठवलेल्या फोटोंत फेटे, कुदळ, नारळ. मी शेजारच्या ओट्यावर चढून काढलेल्या फोटोत मागची जुनी कोनशिला येते. तिच्यावर फ्लेक्सचा तुकडा टाकून हार घातला होता, पण वाऱ्याने तो एका कडेला वर आला आणि खाली आधीच्या भूमिपूजनाची तारीख दिसली. त्याच नाल्याची. तेव्हाचा पक्ष दुसरा होता, एवढाच फरक.

मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली. नंतर जवळपास चार वर्षे प्रशासक होता, निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. तरी माजी नगरसेवकांच्या हस्ते नारळ फुटतच होते. पद नसताना मध्यभागी कोण उभे होते आणि पालिकेचा अधिकारी कडेला कसा उभा होता, हे फोटोंतच दिसते. कोणत्या फाइलीत ते सापडणार नाही.

परळकर
माझे अर्धेच वाक्य उचललेत. सत्तेवर नजर ठेवू नका असे मी कुठे म्हटले? ग्रुपवर जे येते त्याबद्दल बोललो. खालून घेतलेला अँगल, मागे धूसर झेंडे, साहेबांच्या चेहऱ्यावर संध्याकाळचे ऊन, कॅप्शन "लोकनेते". यात कसली नोंद आहे?

तुमचा गेल्या वर्षीचा दहीहंडीचा फोटो घ्या. स्टेजवरचा आमदार लख्ख, आणि वरच्या थरावरचे पोर फोकसच्या बाहेर. आमदारांच्या पेजने तो उचलला आणि तुम्ही खाली हात जोडलेत. नाल्याची कोनशिला उत्तम आहे, पण ती मला आज या धाग्यात कळली.

भायखळा_लोकल
कोनशिलेचा फोटो मी ग्रुपवर टाकला होता. त्यावर एकही प्रतिसाद आला नाही, तुमचाही नाही. हंडीच्या फोटोत आमदारावर फोकस आहे कारण मला आमदारच हवा होता. वर पोर लटकतेय आणि हा माइकवरून बक्षिसाची रक्कम वाढवतोय, हे एका फ्रेममध्ये येण्यासाठीच तो काढला. पेजने उचलला तर त्यांनी त्यात काय पाहिले ते त्यांना विचारा.

डार्करूम
निवृत्त होईपर्यंत वर्तमानपत्रासाठी हेच काम केले, म्हणून लिहितो.

पूर्वी सभेत स्टेजसमोरच्या 'डी'त, म्हणजे स्टेजला लागून मोकळ्या ठेवलेल्या जागेत, आम्ही असायचो. वक्त्याच्या कपाळावरचा घाम दिसायचा, मागच्या रांगेत कोण कोणाशी बोलत नाही ते दिसायचे. आता फोटोग्राफरना मैदानाच्या मध्यावर मचाण बांधून देतात. चारशे मिलिमीटरची, लांबचे टिपणारी लेन्स लावा, मागच्या एलईडी पडद्याच्या आडव्या पट्ट्या फोटोत येऊ नयेत म्हणून शटरशी झगडत बसा, आणि समोर काय, तर पोडियम आणि चेहरा. त्यांचा स्वतःचा माणूस मात्र गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणारी मूठ, घेऊन स्टेजवर मोकळा फिरतो. कुठून बघायचे हे ज्याचा फोटो तोच ठरवतो, हे फार वाईट झाले आहे.

बाहेरच्या कॅमेऱ्याने काय होते ते या शहराने पाहिले आहे. २००८ च्या हल्ल्यानंतर मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताजची पाहणी करायला गेले, सोबत मुलगा आणि चित्रपट दिग्दर्शक रामगोपाल वर्मा. ती दृश्ये लोकांनी पाहिली आणि संतापाची लाट आली. पद गेले त्याला हल्ल्याची जबाबदारी हे मोठे कारण होतेच, पण ती चाल, ते हॉटेल, ते सोबती लोक विसरले नाहीत. ११ ऑगस्ट २०१२ ला आझाद मैदानात दंगल झाली, फोटोग्राफरना मार बसला, कॅमेरे फुटले, वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन जाळल्या. अमर जवान ज्योतीची तोडफोड करणाऱ्याचा फोटो तशातही निघाला आणि त्यावरून पोलिसांनी त्याला बिहारमधून आणले.

परळकर
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ही दोन्ही उदाहरणे नोकरीवरच्या माध्यमवाल्यांची. मागे संपादक होता, चुकले तर जाब विचारणारे कोणी होते. हौशी माणसाला कोण विचारणार?

डार्करूम
जाब विचारणारा संपादक साहेबांचा फोनही घ्यायचा, हे तुम्हाला माहीत नसेल. माझे छापून न आलेले फोटो घरी खोक्यात पडलेत.

कोर्टनाका
कायद्याचे थोडे. १९९४ च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की सार्वजनिक पदावरच्या माणसाला पदाच्या कामापुरता खासगीपणाचा आडोसा घेता येत नाही. त्यामुळे रस्त्यावरच्या भूमिपूजनाचा फोटो काढायला साहेबांची परवानगी लागत नाही. कार्यकर्त्याला तुमचा कॅमेरा हिसकावण्याचा किंवा फोटो डिलीट करायला लावण्याचा अधिकार नाही. पोलिसांना जप्त करायचा असेल तर पंचनामा करावा लागतो.

एक इशारा मात्र देतो. माध्यमकर्मींवरच्या हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तो पत्रकारिता हाच मुख्य व्यवसाय असलेल्यांसाठी आहे. हौशी माणसाला मार पडला तर तो कायदा धावून येणार नाही, नेहमीची कलमे लागतील.

सायनची
सगळे साहेबांच्या खासगीपणावर बोलताय. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोण उभे असते?

२०२० च्या लॉकडाउनमध्ये माझ्या आईने धान्याची पिशवी घेतली. घरकामे बंद होती, पगार बंद होता. पिशवी देताना फोटो काढला, तिला वाटले हिशोबासाठी असेल. पुढे वाढदिवसाचा बॅनर लागला, आमच्याच नाक्यावर. वर मोठे साहेब, खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, आणि उजव्या बाजूला माझी आई. मास्क हनुवटीवर ओढलेला, कारण फोटोवाल्याने "मावशी, जरा खाली घ्या" म्हटले होते. भाजी आणायला ती कितीतरी दिवस पुलाखालून लांबच्या रस्त्याने जायची.

फोटो कोणी काढला? साहेबांच्या माणसाने की तुमच्यासारख्या हौशी माणसाने, ज्याच्या पेजवरून त्यांनी उचलला? मला आजही माहीत नाही आणि आईला त्याने काही फरक पडत नाही. नोंद नोंद करताय, ती आमच्या चेहऱ्यांवर करू नका.

फ्लेक्सवैरी
ताई, खरा रोग तो बॅनर आहे! जानेवारी २०१७ मध्ये सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा होर्डिंग-बॅनर हटवायचा आदेश दिला. पक्षांनी लेखी हमी दिली. पुढे काय झाले? प्रत्येक खांबावर "भावी". विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा १९९५ चा आहे, दंड दोन हजारांपर्यंत. एवढ्या दंडाला कोण भीक घालतो? आमच्या सिग्नलचा लाल दिवा झाकला गेला होता. घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसे मेली तरी जाग नाही.

कोर्टनाका
घाटकोपरचे मे २०२४ मधले होर्डिंग जाहिरातीचे होते, राजकीय बॅनर नव्हता. दोन्ही विषय एकत्र केले की दोन्हींतले दोषी सुटतात.

फ्लेक्सवैरी
बरोबर, ते जाहिरातीचे होते. पण पालिका डोळे मिटून बसते ते दोन्हीकडे एकच. आणि बॅनरला फोटो पुरवणारे या धाग्यातच आहेत. फोटो बंद करा, बॅनर कोरा पडेल.

वॉर्ड_फोटो
पुरवणारा मी. एका माजी नगरसेवकाचे काम करतो, लपवत नाही. सकाळी आरोग्य शिबिर, दुपारी लग्नाला भेट, संध्याकाळी आरती, रात्री एडिट. घर त्यावर चालते. माझ्यासारख्यांना "पाकीटवाले" म्हणून मोकळे होता, पण पाकीट कुठे आहे? बिले थकलेली आहेत. बॅनरसाठी वेगळे पैसे कोणी देत नाही. फ्लेक्सवाला फेसबुकवरून फोटो उतरवतो, माझे नाव कापतो, छापतो. बॅनर बंद झाले तर मला आनंदच आहे.

फ्लेक्सवैरी
मग तक्रार का नाही करत? पोट भरते म्हणून गप्प बसायचे, याला काय म्हणायचे? रुग्णवाहिका अडकते त्या कमानीखाली तुमचाच फोटो असतो.

वॉर्ड_फोटो
तुम्ही तक्रार करून दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावर चहा प्यायला जाऊन दाखवा, मग मला शिकवा. मी त्याच चाळीत राहतो, समजले? नाव लपवून शूर होणे सोपे आहे.

भायखळा_लोकल
दोघांनी आवाज खाली घ्या. वॉर्ड_फोटो जे सांगताहेत ते फोटोग्राफरचेच दुखणे आहे, मूळ विषयापासून फार दूर नाही. फोटो कोणाचा?

कोर्टनाका
१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ पाहा. फोटो काढणारा हा कर्ता आणि पहिला मालक. पण कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढला असेल तर वेगळा करार नसल्यास मालक तो सांगणारा. म्हणजे वॉर्ड_फोटो यांच्या फोटोंवर बहुधा साहेबांचा हक्क. कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा कलम ५७ चा हक्क त्यांचाच राहतो. हौशी माणसाने कोणाच्या सांगण्यावरून काढलेला नाही, तो पूर्ण त्याचा. बॅनरवर न विचारता छापला तर तो दावा करू शकतो.

ठाणेकर
दावा करणार कोण? आमच्याकडे हंडीचा माझा फोटो एका प्रतिष्ठानच्या पुढच्या वर्षीच्या कमानीवर होता. मी विचारायला गेलो तर पदाधिकारी म्हणाले, "अरे वा, तू काढलास? चल, भाऊंबरोबर फोटो काढू." खांद्यावर हात टाकला, विषय संपला.

परळकर
ठाणेकर, मी हेच सांगतोय. हेतू काहीही असो, तुमचा फोटो शेवटी कमानीवर जातो. पाणी तिकडेच वाहते.

भायखळा_लोकल
चोरी होते म्हणून काढणेच सोडायचे? मग कमानीवर त्यांच्या माणसाचा फोटो जाईल आणि नाल्याची कोनशिला झाकलेलीच राहील. मला हे अजिबात मान्य नाही.

सायनची यांच्या आईबद्दल वाचून मात्र मी गप्प झालो. टेबलापलीकडून हात पुढे करणाऱ्याचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय फ्रेममध्ये नको, हे मान्य. वाटप दाखवायचे तर पाठीमागून, हात, पिशवीवरचा छापील चेहरा आणि रांग किती लांब ते. वह्यावाटपातल्या पोरांनाही तेच लागू. टेबलाच्या अलीकडे उभा असलेल्याला विचारायची गरज मला वाटत नाही, तो मते मागायला उभा आहे.

सायनची
इथे लिहून उपयोग नाही, ग्रुपच्या नियमांत लिहा. जूनमध्ये शाळा उघडल्या की वह्यावाटप सुरू होईल, तेव्हा बघते. आणि "विचारल्याशिवाय" म्हणजे पिशवी हातात देताना विचारायचे नाही. पिशवी समोर असताना कोण नाही म्हणेल?

भायखळा_लोकल
हे माझ्या लक्षात यायला हवे होते असे तुम्ही म्हणाल, आणि बरोबरच आहे. पिशवी घेऊन रांगेबाहेर आल्यावर विचारायचे. अॅडमिनना नियमात घालायला सांगतो.

परळकर
त्यात माझेही घाला. राजकीय कार्यक्रमाच्या फोटोखाली तारीख, जागा, कोणते काम, पैसा पालिकेचा की आमदारनिधीचा, आणि स्टेजवर कोण कोणत्या पदाने उभे होते, एवढे पाहिजे. "लोकनेते", "कार्यसम्राट" बंद. हे असेल तर राहू देत तुमचे साहेब ग्रुपवर. हंडीच्या फोटोबद्दलचे माझे मत बदललेले नाही.

फ्लेक्सवैरी
आणि बॅनरचे? त्यावर कोणी बोलेना. वॉर्ड ऑफिसला तक्रार करताना खांबाचा क्रमांक फोटोत आला पाहिजे, नाहीतर "जागा सापडली नाही" म्हणून तक्रार बंद करतात. एवढे तरी ग्रुपवर लिहा.

वॉर्ड_फोटो
कोर्टनाका साहेब, लेखी करार नाही, फक्त व्हॉट्सअॅपवर "उद्या दहाला ये" असे निरोप आहेत. बिल काढता येईल का? ते म्हणतात निवडणुकीनंतर बघू.

कोर्टनाका
निरोप, पाठवलेल्या फोटोंच्या तारखा आणि आधी कधी पैसे खात्यात आले असतील तर त्याची नोंद, सगळे जपून ठेवा आणि आधी नोटीस पाठवा. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती काम केल्या तारखेपासून मोजतात, निवडणुकीपासून नाही.