मदत हवी आहे: फारो विमानतळावर भाड्याची गाडी, डिपॉझिट कोणत्या कार्डावर?

नमस्कार मंडळी, मे महिन्यात पोर्तुगालच्या अल्गार्व्हला निघालोय. खर्चाला युरोचं प्रीपेड फॉरेक्स कार्ड आहे. तिथल्या मुल्टिबँको या बँकांच्या सामायिक जाळ्याच्या एटीएममधून एका वेळी 200 युरोच निघतात, आणि मशीनने रुपयांत हिशोब दाखवला तर तो नाकारून युरोच निवडायचे, एवढं ठाऊक आहे. अल्गार्व्हच्या ए-22 महामार्गाचा टोल 1 जानेवारी 2025 पासून बंद, तीही कटकट गेली.

घोडं अडलंय डिपॉझिटवर. प्रीपेड कार्ड गाडी कंपन्यांच्या बहुतेक काउंटरवर चालत नाही. मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. गाडी मी चालवणार, कार्ड मात्र बायकोचं! तिला मुख्य आणि मला जादा चालक दाखवलं तर रोजचे किती वाढतात? तिच्याकडेही लायसन्स आणि आयडीपी (आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट) आहे. की काउंटरचा पूर्ण विमा घेतल्यावर डेबिट कार्ड चालवून घेतात? बाहेरून घेतलेला स्वस्त विमा इथे उपयोगाचा नाही. त्यात आधी आपण भरायचे, मग क्लेम करायचा, त्यामुळे कार्डावर डिपॉझिटपोटी अडकवलेल्या रकमेचा ब्लॉक तसाच राहतो.

गाडी परत दिल्यावर भारतीय कार्डावरचा ब्लॉक किती दिवसांत सुटला, तेही सांगा. लिमिट तेवढ्यावरच अडकलं तर हॉटेलचे वांधे होतील. अलीकडचाच अनुभव हवा, प्लीज.