प्रतिसाद: थेरपिस्टला पैसे कशाला?

"मित्रांशी मोकळं बोललं की झालं, थेरपिस्टला पैसे कशाला?" असं वर विचारलंय, म्हणून लिहितोय. मोकळं बोलावंच, पण आमच्या थेरपिस्ट बाई नुसतं ऐकून घेत नव्हत्या. सीबीटीत (विचार तपासून वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) वही ठेवावी लागते: काय घडलं, मनात काय आलं, ते खरं कशावरून. साहेबांनी मेसेजला उत्तर दिलं नाही की 'आता मला काढणार' इथवर मी क्षणात पोचायचो. पुढच्या रकान्यात पुरावा लिहायची वेळ आली की पेन अडायचं.

त्याआधी, अंथरुणातून उठवतच नव्हतं तेव्हा, गृहपाठ एवढाच: दात घासा आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसा. उत्साहाची वाट बघायची नाही, आधी करायचं. तो मागाहून येतो. (हे आईला फार पटलं. ती वर्षानुवर्षं हेच ओरडतेय म्हणे!)

गोळ्या देणं सायकियाट्रिस्टचं, म्हणजे मनोविकाराच्या डॉक्टरांचं काम. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

खर्चाचं म्हणाल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, पण पॉलिसीत ओपीडी (भरती न होता घेतलेले उपचार) नसेल तर सेशनची फी बहुतेक खिशातूनच जाते. तेवढं आधी एजंटला विचारून घ्या.