जुन्या छापील तसबिरीखाली फक्त 'राजा रविवर्मा' लिहिणं बरोबर आहे का?

शिळाछाप
जुन्या घरातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींचे फोटो टाकताना खाली 'राजा रविवर्मांचं चित्र' एवढंच लिहायची पद्धत पडली आहे. माझ्या मते हे अर्धसत्य आहे. रविवर्मांनी रंगवलं ते तैलचित्र. घरोघरी पोचला तो त्याचा शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली प्रत, आणि दगडावर काढणारे हात वेगळे होते.

1894 मध्ये मुंबईत रविवर्मांचा छापखाना निघाला तो जर्मन तंत्रज्ञांच्या मदतीने. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. काम चालायचं ते असं: मूळ चित्राच्या बाह्यरेषा ट्रेस करून एका दगडावर घ्यायच्या आणि तोच सांगाडा प्रत्येक रंगाच्या दगडावर उतरवायचा. हे दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतले चुनखडीचे, चांगले जाड आणि जड. कारागीर चित्र उलटं काढतो, तेलकट शाईने, ठिपक्या-ठिपक्यांनी. मग डिंक आणि सौम्य नायट्रिक आम्लाचा हात. दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी धरतं आणि तेलकट जागी शाई. एका रंगाला एक दगड, आणि चांगल्या चित्राला डझनभर किंवा त्याहूनही जास्त. गालावरची गुलाबी छटा किती दगडांत वाटायची, हा निर्णय त्या कारागिराचा असायचा. त्याचा उल्लेखच नको?

रंगरेषा
तंत्राबद्दल वाद नाही, निष्कर्ष मात्र पटत नाही. रचना कोणाची, देवीची बैठक कोणाची, साडीचा घोळ कोणाचा? रविवर्मांचा. शिवाय प्रती निघाव्यात ही त्यांचीच इच्छा होती. चित्रांना एवढी मागणी आहे की ती युरोपात पाठवून छापून घ्यावीत, असं बडोदा संस्थानचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचवलं होतं. रविवर्मांनी छापखानाच इथे काढला. ज्याने स्वतःच्या चित्रांसाठी यंत्रं आणवली, त्याचं नाव छापील प्रतीवरून मागे सारणं अन्यायाचं आहे. हातांचाच हिशोब करायचा तर तैलचित्रांतही धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा मदतीला असत. तिथे आपण दोन नावं लिहितो का?

शिळाछाप
लिहायला हवीत. पण मुद्दा त्याहून साधा आहे. छापखाना पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि रविवर्मांच्या पश्चातही कित्येक वर्षं चालला. तिथे धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांचीही चित्रं छापली गेली. म्हणजे 'रविवर्मा प्रेस' हे छापखान्याचं नाव, चित्रकाराची सही नव्हे. चित्राखालची छापील ओळ न वाचता सगळं एकाच माणसाच्या नावावर टाकलं, तर अन्याय रविवर्मांवरच होतो. त्यांनी न काढलेल्या कमअस्सल चित्रांचा बोजाही त्यांच्यावर पडतो.

भिंगवाला
दोघांनाही विचारतो, समोरची वस्तू जुनी आहे हे आधी ठरवलंत का? 'भिंगाखाली ठिपके दिसले म्हणजे नवी छपाई' असं सर्रास सांगतात. ते चूक आहे, कारण शिळाछापातही ठिपकेच असतात. फरक ठिपक्यांच्या ठेवणीत आहे. 10 पट भिंग चेहऱ्यावर धरा. ऑफसेटमध्ये, म्हणजे आजच्या यंत्रछपाईत, चारच रंगांचे ठिपके ठरलेल्या कोनात, जाळीसारखे बसतात आणि त्यांची बारीक फुलं दिसतात. शिळाछापात ठिपके लहानमोठे, हाताने टाकलेले, कुठे दाट कुठे विरळ. मांसरंगातच पिवळा, गुलाबी, तपकिरी, करडा असे वेगवेगळे थर सापडतात.

दुसरी खूण ओठांची आणि दागिन्यांची कड. तिथे लाल किंवा पिवळा रंग केसभर सरकलेला दिसतो. रंग ओळीने छापताना मध्ये कागदाने दमट हवेतला ओलावा घेतला की तो फुगतो आणि पुढचा दगड नेमका बसत नाही. एवढ्यावरून चित्र टाकाऊ ठरवू नका.

रंगरेषा
मग जरीचं काय? कित्येक प्रतींवर साडीवर खरी जर, टिकल्या, कापड चिकटवलेलं असतं. ते छापखान्यातलं काम नव्हे, विकत घेतल्यावर हौसेने केलेलं. मूळ चित्र दिसावं म्हणून ते काढावं, असं माझं ठाम मत आहे.

भिंगवाला
अजिबात काढू नका! साडीवरची जर खळीने किंवा सरसाने चिकटवलेली असते. ती सोडवायला पाणी लावलं की कागदाचा वरचा पापुद्रा शाईसकट उचलला जातो. टिकल्या टाक्याने लावल्या असतील तर खाली भोकंच आहेत. मिळणार काय, तर डागाळलेली, भोकं पडलेली साडी. आणि त्या घरच्या बाईने देवीला नेसवलेलं वस्त्र आपण फाडून टाकायचं, तेही 'मूळ' शोधण्यासाठी? चित्रामागची सगळ्यात जिवंत गोष्ट तीच आहे.

पिवळ्या वार्निशचंही तेच. वार्निश तेला-राळेचं, शाईही तेलातली. थिनर वार्निशपाशी थांबेलच असं नाही. ते काम कागद-संवर्धकाचं.

शिळाछाप
जरीबाबत पूर्ण सहमत. आता खरं नुकसान कुठे होतं ते सांगतो. फ्रेमवाला चित्र जुन्या चौकटीत बसवायला कडा कापतो आणि तळाची पांढरी पट्टी जाते. त्याच पट्टीवर चित्राचं नाव, छापखाना आणि गाव असतं. 'मुंबई' की 'कार्ला-लोणावळा' की 'मळवली', यावरून छपाईचा काळ कळतो. फ्रेमवाल्याला बजावून सांगा: कापायचं नाही, माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकी पट्टीसकट मोठी ठेवायची. काच आणि चित्र यांत 3-4 मिलिमीटर अंतर हवं, नाहीतर पावसाळ्यात वार्निश काचेला चिकटतं. चिकटलंच असेल तर ओढू नका, काचेसकट संवर्धकाकडे न्या. मागची लाकडी फळी काढून आम्लरहित पुठ्ठा घाला. फळ्यांच्या फटींतून कागदावर तपकिरी पट्टे उमटतात.

आणि नाव असं लिहा: 'मूळ चित्र: राजा रविवर्मा. शिळाछाप: रविवर्मा प्रेस, मळवली.'

रंगरेषा
पट्टी शाबूत असेल आणि मूळ तैलचित्र माहीत असेल, तर ही ओळ मान्य. जरीबद्दलचं म्हणणं अजून पुरतं पटलेलं नाही, पण पाणी लावणार नाही. पट्टी कापलेली असेल तर मात्र छापखान्याचं नाव अंदाजाने लिहू नये. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याचे शिळाछाप 1878 पासून निघत होते, आणि देवादिकांचे विषय सगळ्यांचे तेच होते.