हेवी मेटल काढलं तर 'रॉक अँड रोल रेसिंग'मध्ये उरतं काय?

बर्डीवाला
१९९३ चा हा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम परत खेळतोय. (ब्लिझार्ड या गेम कंपनीच्या जुन्या गेम्सच्या २०२१ च्या संचात मिळतो.) माझं मत, शिव्या घाला: यात गाड्यांपेक्षा गाणी मोठी. ब्लॅक सॅबथ, डीप पर्पल या रॉक बँडच्या चाली नसत्या तर त्या खेळण्यातल्या गाड्या आज कोणाला आठवल्या असत्या? सुपर निन्टेंडो या जुन्या कन्सोलच्या साउंडसाठी मेमरी फक्त ६४ केबी. म्हणून गायक नाही, शब्द नाहीत, तरी मान हलतेच.

खामल्याचा_भाऊ
काहीही का राजा! मी त आवाज बंद करूनच खेळतो. कूलर सुरू असला का तसंही काही आयकू येत नाही. खरा गेम दारूगोळ्यात आहे. दर फेरीले गोळ्या अन् सुरुंग परत भरून भेटतात, म्हणून जपून ठेवणारा येडा ठरते. फेरी संपायची रेघ यायच्या आधी सगळं उडवायचं. पुढं असला त मागं सुरुंग टाक, मागं असला त समोरच्याच्या डिक्कीत हाण. वरून बक्षिसाचे पैसे इंजिनात घालू का चिलखतात, हा ताप वेगळाच. यात सॅबथचं काय काम?

बर्डीवाला
आवाज बंद म्हणजे समालोचकही बंद. कोणाची गाडी आता फुटणार हे तोच ओरडून सांगतो. तू अर्धा आंधळा खेळतोस, भाऊ.

धरमपेठची_मेटलवाली
मुळात याला मेटल म्हणायचं का? त्याच यादीत जॉर्ज थोरोगुड आहे, तो ब्लूज-रॉकवाला. हेन्री मॅन्सिनीची टीव्ही मालिकेची धूनसुद्धा आहे! मेटल हवं तर १९९७ चा 'कार्मागेडन' हा गाड्यांचा गेम घ्या. फिअर फॅक्टरी या मेटल बँडचं संगीत, तेही गायकाशिवाय, आणि ते पत्रा चेपल्याच्या आवाजात असं मिसळतं की वेगळं काढता येत नाही. दुसऱ्या भागात तर थेट आयर्न मेडन हा मेटल बँड.

खामल्याचा_भाऊ
ताई, तिथं रेस करते कोण? फेऱ्या पूर्ण नाही केल्या तरी चालते, सगळ्यायच्या गाड्या मोडल्या का जिंकला. नाहीतर रस्त्यावरचे सगळे माणसं उडवा.

धरमपेठची_मेटलवाली
म्हणूनच तर ब्रिटनमध्ये त्याला आधी विक्रीचं प्रमाणपत्र नाकारलं आणि माणसांच्या जागी हिरव्या रक्ताचे झॉम्बी घालावे लागले. तुमच्या गेमवर कोणी भुवईही उंचावली नाही.

बर्डीवाला
बंदी आली म्हणून मेटल? हे कुठलं मोजमाप? रविवारी या दोघं. एक शर्यत आवाज बंद, एक चालू. हरणाऱ्याकडून तर्री-पोहे.

खामल्याचा_भाऊ
येतो. पण तुह्या घरचा तो ढिला कंट्रोलर मले देऊ नको.